दोन पत्त्यांचा आवाज

पत्त्यांची जादू शिकणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. नवरा दारू पितो म्हटलं तर चार बायका हळहळतात तरी. नवरा दिवसभर पत्ते पिसतो, आणि जुगारही खेळत नाही, नुसता पिसतो, हे कोणाला सांगणार आणि कोण हळहळणार? बाइंडरबाईंच्या घरात साखरेच्या डब्यात किलवर पंजी सापडायची, उशीच्या अभ्र्यातून गुलाम निघायचा. एकदा कपडे धुवायच्या मशीनमधून चौकट राणी बाहेर आली ती इतकी फुगून, की बाईंनी तिला जाड पुस्तकाखाली दाबून ठेवलं तेव्हा कुठे ती माणसांत आली.

बाइंडरबाई म्हणायचं कारण त्या छापखान्यात पुस्तकं बांधायच्या खात्यात होत्या, लग्नाच्या आधीपासून. आणि त्यांचे यजमान कवळीवाले, कारण दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा त्यांचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं कामाचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि त्या जबड्यांसमोर बसून हा माणूस पत्ते पिसायचा. "एवढी तोंडं समोर आहेत, पण एकातूनही वाहवा निघत नाही," असं बाई म्हणायच्या.

हे खूळ लेक नोकरीसाठी परगावी गेल्यावर सुरू झालं. घर रिकामं झालं आणि कवळीवाल्यांना संध्याकाळी करमेना. अशा वेळी कुणी गाणं शिकतं, कुणी कुंड्या आणून गुलाब लावतं. यांनी लेकीच्या कपाटातला पत्त्यांचा जोड काढला आणि पन्नाशी उलटल्यावर श्रीगणेशा केला. पत्ता तळहातात लपवायचा, खालचा पत्ता वर आणायचा, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे दोन पत्ते एकदम असे उचलायचे की बघणाऱ्याला वाटावं, एकच उचलला. याला ते 'जोडी' म्हणत. जोडी जमली की अर्धी जादू जमली. तुम्हाला वाटतं बदाम राजा सगळ्यांत वर आहे, पण तो असतो वरून दुसरा. मग वरचा कुठलातरी भलताच पत्ता गड्डीच्या मधोमध खुपसायचा, टिचकी मारायची, आणि राजा परत वर हजर. लोक तोंडात बोट घालतात.

आता यातली मेख अशी, की जोडी दिसली की लपली हे करणाऱ्याला कधीच कळत नाही. कवळीवाल्यांनी आधी कपाटाच्या आरशासमोर सराव केला. आरशात सगळं झकास चाललं होतं. मग लेक सुट्टीला आली, तिने मोबाइलवर त्यांचं चित्रण केलं, आणि बघतात तर काय, नेमके पत्ते उचलायच्या क्षणी बाबांचे डोळे मिटत होते. दर वेळी. चोरी करताना आपणच डोळे मिटायचे आणि वर म्हणायचं, मला तर काही दिसलं नाही. "बाबा, मांजर दूध पिताना करतं ना, ते हे," असं म्हणून लेक हसून हसून पलंगावर आडवी झाली.

"मग मोबाइलवरच करा सराव," बाई म्हणाल्या.

"मोबाइल काय, ठेवला तिथून बघतो," कवळीवाले म्हणाले. "तो संशय घेत नाही. तू घेतेस."

झाली बाईंची नेमणूक. तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की जबडे बाजूला सरकायचे, बाई टेबलासमोरच्या खुर्चीत बसायच्या, आणि खेळ झाला की निकाल द्यायच्या. दिसलं, किंवा नाही दिसलं. 'नाही दिसलं'ची पाळी अर्थात कधी यायचीच नाही. उभा जन्म छापील कागदातली चूक शोधण्यात गेलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार?

"दिसलं."

"आता?"

"दिसलं. दोन आहेत."

"बरं, हा बघ."

"करंगळी उचललीत."

दुसरी एखादी असती तर नवऱ्याचं मन राखून चार वेळा खोटं बोलली असती. बाईंना ते पटायचं नाही. फसवायचं तर जगाला फसवा, मी कशाला खोटं बोलू, असा त्यांचा खाक्या होता, आणि कवळीवाल्यांना तोच आवडायचा. कुरकुर करायचे, पण दुसऱ्या कोणासमोर सराव करायला तयार नव्हते.

गावात हौशी जादूगारांचं एक मंडळ होतं. औषधांच्या दुकानावर एक खोली होती, तिथे शनिवारी दुपारी ही मंडळी जमायची. दुकानाचे मालक हेच मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सगळे औषधवाले म्हणत. मंडळात शिरायचं तर सगळ्यांसमोर खेळ करून दाखवायचा. सभासदांना चलाखी दिसली, की पुढच्या वर्षी या. कवळीवाले एकदा जाऊन ते ऐकून आले होते. वरवर म्हणाले, "असू दे गं, छंदच तर आहे." पण त्या रात्री जेवले नाहीत, आणि त्याच आठवड्यात त्यांनी एका म्हाताऱ्याला दुसऱ्या म्हाताऱ्याची कवळी पाठवली. या मंडळात जायची त्यांना किती आस आहे, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

मग बाईंच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. एकदम नाही आलं. आधी वाटलं चष्म्याची काच खराब झाली. मग वाटलं दिव्यात दम नाही, म्हणून दिवा बदलला. मग रस्त्यापलीकडच्या पाट्यांवरची अक्षरं गेली, आणि मागोमाग नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं बारीकसारीक गेलं, भुवईचा केस, ओठाजवळचा तीळ. काय झालंय ते बाईंनी ओळखलं. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हसत गेली आणि तो डोळा गमावून परत आली. पुढे जन्मभर ती मान वाकडी करून एका डोळ्याने लेकीकडे बघायची. तेव्हाचं तेव्हा, आता हे ऑपरेशन म्हणजे काहीच नाही, हे बाईंना समजत नव्हतं अशातला भाग नाही. छापखान्यातल्या दोघीतिघी करून आल्या होत्या आणि खुशाल सुईत दोरा ओवत होत्या. पण समजणं वेगळं आणि पोटात गोळा येणं वेगळं. बाईंनी ठरवून टाकलं, कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की दवाखाना आलाच.

कामावर निभत होतं. त्यांचं काम निम्मं बोटांचं आणि निम्मं कानाचं. पुस्तकाचे कागद जुळवताना एकाऐवजी दोन आले तर बोटाला लागतंच, पण गठ्ठा अंगठ्याखालून फर्रकन सोडला की कानालाही कळतं. एकेका कागदाचा आवाज पातळ असतो. दोन चिकटले असले, की तेवढ्यापुरता आवाज जाड होतो. खात्यातल्या पोरी हसायच्या, आवाज कधी जाड असतो का म्हणून. बाई काही न बोलता गठ्ठ्यात बोट घालून नेमके ते दोन कागद वर काढायच्या.

घरी मात्र पंचाईत झाली. एका संध्याकाळी कवळीवाल्यांनी जोडी उचलली आणि नेहमीसारखं विचारलं, "दिसलं?" बाईंना काहीतरी लाल-पांढरं हललेलं दिसलं, बस. त्यांनी खरं तेच सांगितलं.

"नाही दिसलं."

कवळीवाल्यांनी पत्ते खाली ठेवले. मग म्हणाले, "खरंच?" आणि ते 'खरंच' असं काही आतून आलं, की बाईंच्या तोंडून पुढचं काही निघेना. हा माणूस उठला, खोलीत फेऱ्या मारल्या, लेकीला फोन लावला. "तुझ्या आईला दिसलं नाही," ते सांगत होते. "आता बोल. तुझ्या आईला दिसलं नाही." फोनमध्ये लेक हसत होती, इकडे बाप हसत होता, आणि बाई खुर्चीत तशाच बसल्या होत्या.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, मान्य. पण तुम्हीच सांगा, 'दिसलं, दिसलं' ऐकून ऐकून कान किटलेल्या माणसाला पहिल्यांदा शाबासकी मिळते, ती हातातून लगेच काढून घ्यायची? बाई म्हणाल्या, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. खोट्याचं असं असतं, पहिल्या दिवशी ते पाहुण्यासारखं दारात संकोचून उभं राहतं, आणि महिना गेला की घरचंच होऊन बसतं.

मधून मधून अंगाशी यायचं. एकदा त्यांनी बाईंना पत्ता निवडायला लावला. बाईंनी अगदी नाकाजवळ धरून बघितला. लाल होता, ठिपके सात असावेत. पत्ता गड्डीत गेला, कवळीवाल्यांनी पिसून, शोधून बाहेर काढला आणि उलटा धरून म्हणाले, "नाव सांग."

"चौकट सत्ती," बाई म्हणाल्या.

पत्ता उलटला तर बदाम अठ्ठी. कवळीवाल्यांचा चेहरा पडला असणार. बाईंना तो दिसला नाही, पण गड्डी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि त्यात सगळं होतं. "माझाच हात कुठेतरी चुकला," ते म्हणाले, आणि त्यानंतर कितीतरी संध्याकाळी ते एक बरोबर असलेली गोष्ट दुरुस्त करत बसले. बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं.

आणि कवळीवाल्यांना पत्ता नाही. चार माणसांची नजर इकडची तिकडे कशी वळवायची, याचा अभ्यास करणारा माणूस, पण आपल्या बायकोची नजर कुठे लागलीय हे त्याला समजेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मंडळाच्या परीक्षेचा शनिवार जवळ येऊ लागला तशी बाईंची झोप उडाली. कवळीवाले ज्याला त्याला सांगत सुटले होते, या वेळी नक्की. दातांचे डॉक्टर, कोपऱ्यावरचा चहावाला, लेकीच्या ऑफिसातली माणसं, सगळ्यांना बातमी. कशाच्या जोरावर? बायकोला दिसत नाही याच्या जोरावर. म्हणजे हा भला माणूस आपल्या शब्दावर विसंबून तिथे जाणार, हात दाखवून अवलक्षण करून घेणार, आणि परत न जेवता झोपणार. सांगून टाकावं तर त्यांचा सगळा आनंद जातो आणि दवाखाना गळ्यात येतो. न सांगावं तर चारचौघांत त्यांचं हसं होतं. बाई दोन्ही बाजूंनी अडकल्या होत्या.

वाट सुचली ती कामावर. एका पोरीने गठ्ठा सोडला, पलीकडच्या टेबलावर, आणि बाई मान वर न करता म्हणाल्या, "मध्ये दोन गेलेत बघ." पोरीने बघितलं, होते. बाईंचा हात खळीच्या भांड्यावर तसाच थांबला. मी इथे बसून तिथले दोन कागद ऐकते, मग टेबलापलीकडचे दोन पत्ते मला ऐकू येत नाहीत होय?

त्या संध्याकाळी त्यांनी डोळ्यांचा नाद सोडला आणि कान दिला. आणि खरंच की. एक पत्ता उचलताना कवळीवाल्यांच्या हातून 'टिक' असा बारीक आवाज यायचा. दोन उचलले की 'टप'. उलटून परत ठेवताना तर त्याहून जाड. इतके दिवस समोर बसून आपण हे ऐकलं कसं नाही, याचंच बाईंना नवल वाटलं.

"दिसलं," त्या म्हणाल्या.

"काय दिसलं?"

"दोन उचललेत."

"अगं, काल तर नाही म्हणालीस."

"काल नाही दिसलं. आज दिसलं. जाडी कळते."

कवळीवाले हिरमुसले, पण नाद सोडणारा माणूस नव्हता तो. खुर्ची पुढे ओढून पुन्हा कामाला लागले. पत्ते अंगठ्याने उचलून बघितले, मधल्या बोटाने बघितले, हात तिरका करून, हळू, झटकन. दर वेळी विचारायचे आणि दर वेळी बाई कान टवकारून निकाल द्यायच्या. टप झालं की दिसलं. जरा कमी टप झालं की "थोडंसं दिसलं." मग एकदा त्यांनी बोटांची टोकं सोडून तळव्याच्या मऊ भागानेच पत्ते उचलले, मांजराचं पिल्लू उचलावं तसे, आणि आवाजच आला नाही.

"हे बरं होतं," बाई म्हणाल्या. "हे नाही दिसलं."

मग त्याचाच ध्यास. शुक्रवारपर्यंत हात इतका मऊ झाला, की पत्ते उचलले कधी आणि ठेवले कधी याचा बाईंना पत्ता लागेना. एक उचलला काय आणि दोन उचलले काय, आवाजाच्या नावाने शून्य. बाईंचा जीव भांड्यात पडला. खोटं बोललो खरं, पण भरपाईही आपणच केली, असं त्यांना वाटलं. रात्री त्यांनी स्वतःच्या हाताने कवळीवाल्यांच्या कोटाला इस्त्री केली, बोटांनी चाचपून, बाहीवर एकही चुणी न ठेवता.

मंडळाची खोली लहानच होती. खालच्या दुकानातला औषधांचा वास जिन्यातून वर येत होता. घडीच्या खुर्च्यांवर हौशी मंडळी बसली होती, आणि घरची म्हणून बाईंना पहिल्या रांगेत जागा मिळाली. टेबलामागे मोठी खिडकी होती. तिच्यातून दुपारचं ऊन थेट बाईंच्या डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे त्यांना समोर नुसता पांढरा उजेड दिसत होता आणि त्यात कुठेतरी नवऱ्याची सावली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या ऐकायला आल्या होत्या.

कवळीवाल्यांनी बोलायला सुरुवात छान केली. जबड्यांचा एक विनोद केला, लोक हसले. मग बदाम राजाचा खेळ. राजा मधोमध खुपसला, टिचकी मारली, राजा वर. बाईंनी श्वास रोखून कान लावला होता. काही नाही. पुन्हा केलं. पंख्याचा आवाज, खालून रस्त्याचा आवाज, पण पत्त्यांचा काही नाही. बाईंना वाटलं, उठून टाळ्या वाजवाव्यात.

मग त्यांना बाकीचं ऐकू यायला लागलं. उजवीकडे कोणाची तरी खुर्ची करकरली. मागे कोणी घसा खाकरला. कोणी शेजाऱ्याशी कुजबुजलं आणि शेजारी 'हं' म्हणाला. खेळ रंगतो तेव्हा माणसं असे आवाज करत नाहीत. टाळ्या आल्या, पण सभ्य माणसं वाजवतात तशा.

औषधवाले उठले. माणूस गोड होता, आवाजातच कळायचं. "कवळीवाले, राग मानू नका," ते म्हणाले. "खालचा पत्ता बाहेर डोकावतोय. झग्याखालून अस्तर दिसावं तसा. पहिल्या वेळेलाही आणि दुसऱ्या वेळेलाही."

"कोणत्या बाजूने?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"तुमच्या डाव्या. तुम्हाला वरून दिसत नसेल, पण समोर बसलेल्या सगळ्यांना दिसतंय." मग जरा बरं वाटावं म्हणून ते हसत म्हणाले, "पण हात काय मऊ केलाय हो. पत्त्याचा आवाज म्हणून नाही. मी डोळे मिटून बसलो असतो, तर शंभर टक्के फसलो असतो."

खोली हसली. कवळीवाले हसले नाहीत. बाईंना त्यांचं न हसणं ऐकू आलं. पंखा गरगरत होता. बाई सावलीकडे बघून हसायचा प्रयत्न करत राहिल्या, काही झालंच नाही असं. बऱ्याच वेळाने त्यांच्या खांद्यावर हात पडला. मागून. हाताला प्लास्टरचा वास होता. ज्या सावलीकडे बघून त्या हसत होत्या, ती खिडकीच्या पडद्याची होती.

"किती दिवस?" कवळीवाल्यांनी अगदी हळू विचारलं.

"बरेच," बाई म्हणाल्या.

त्यांचा हात खांद्यावर तसाच राहिला. मग ते मोठ्याने म्हणाले, "औषधवाले, कोपऱ्यावरचा डोळ्यांचा दवाखाना शनिवारी उघडा असतो का?"

"असतो की. सहापर्यंत. पण तुमचा दुसरा खेळ राहिलाय अजून. तो बरा झाला तर आम्ही पहिल्याचं एवढं धरणार नाही, ठरलंय आमचं."

बाई घाईने म्हणाल्या, "करा ना तो. मी थांबते."

"राहू दे," कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी बाईंची पर्स उचलली. पत्ते टेबलावरच राहिले होते. ते कोणीतरी गोळा करून त्यांच्या कोटाच्या खिशात घातले.

बाईंना धरून त्यांनी जिना उतरवला. रस्त्यावर आले आणि एकदम भडकले. आयुष्यात फार कमी वेळा भडकलेला माणूस, त्याला भडकणंही नीट येत नव्हतं. "तू रस्ता कसा ओलांडत होतीस?"

"लोक निघाले की त्यांच्याबरोबर निघायचं."

"आणि गॅस?"

"आवाजावरून."

"आवाजावरून," ते म्हणाले. "मी समोर बसून रोज तुझ्याकडे बघतोय, आणि तू आवाजावरून गॅस पेटवतेस."

"तुम्ही इतके खूश होतात," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही लेकीला फोन केलात. मग मला नाही सांगता आलं."

"मी खूश होतो म्हणून तू आंधळी होत बसलीस? अगं, जादू गेली खड्ड्यात. मला कोणाला दाखवायचीय ती?" असं म्हणून ते रस्त्यातच थांबले, कोटाच्या बाहीने डोळे पुसले, आणि बाईंचा दंड इतका घट्ट धरला की त्यांना दुखलं. बाईंनी सोडा म्हटलं नाही.

"माझ्यामुळे नापास झालात तुम्ही," त्या म्हणाल्या.

"झालो. पुढच्या वर्षीही होईन. मला सवय आहे."

दवाखान्यात गर्दी होती. नर्सने बाईंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाकावर बसवलं, थोडा वेळ लागेल म्हणाली. थेंबांनी होतं नव्हतं तेही गेलं. समोर नुसता उजेड. कवळीवाल्यांनी बाईंचे हात आपल्या हातांत घेतले.

"ऑपरेशन सांगणार," बाई म्हणाल्या.

"सांगतील."

"आईसारखं झालं तर?"

हल्ली असं होत नाही गं, असं म्हणणं सोपं होतं. खात्यातल्या बायकांनीही तेच म्हटलं असतं. कवळीवाले म्हणाले नाहीत. आईची ती वाकडी मान त्यांनीही बघितली होती. मग बाईंना त्यांच्या खिशातून गड्डी निघाल्याचं कळलं, कारण गुडघ्याला गुडघा लागला आणि हात सुटले. पण पुढे काही ऐकू आलं नाही.

"करताय का काही?" त्यांनी विचारलं.

"चारदा केलं," कवळीवाले म्हणाले. "जोडी. एकदा तर राजा तुझ्या कानाशी नेऊन आणला. आलं काही कानावर?"

"नाही."

"मग ऐक आता. आईसारखं झालं, तर झालं. त्या वरच्या मंडळींना फसवायला मला अजून दहा वर्षं लागतील, पण तुला कशाने फसवायचं ते मला आलंय. तूच शिकवलंस. तू डोळ्यांनी बघ नाहीतर कानांनी बघ, संध्याकाळी चहा झाला की तू समोर बसायचं आणि मी पत्ते काढायचे. त्यात काही बदलत नाही. पुढे बोटांनी बघायला लागलीस, तर तेही शिकून घेईन."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. थेंब घातलेल्या डोळ्यांतून दोन्ही एकदमच वाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्याने सरकून त्यांना जागा करून दिली, त्याला वाटलं थेंब झोंबले. पोटातला गोळा गेला नव्हता. तो होता तिथेच होता. पण आता तो एकटीचा नव्हता, आणि तेवढ्याने बाईंना पाठ सरळ करून बसता आलं.

आतून नर्सने हाक मारली. कवळीवाले उठायला लागले, तर बाईंनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं. आपला चष्मा काढला, घडी केली, चाचपत त्यांचा तळहात शोधला आणि त्यात ठेवला.

"नीट धरा," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातातल्या वस्तू नाहीशा होतात."

आणि नर्सचा हात धरून आत गेल्या.